मिटल्या डोळ्यांचे तांबे

राप आणि मळ हे दोन शब्द हल्ली सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. मला ते खपत नाही. मळ बाहेरून येऊन बसतो. तो काढला की खालची वस्तू जशी होती तशी हाती येते. उन्हात चाळीस वर्षे राबलेल्या माणसाची कातडी मात्र मळत नाही, रापते. ते ऊन तिच्यात उतरलेले असते, आणि ते काढायचेच ठरवले तर कातडीही त्याच्याबरोबर जाईल. तांब्यालाही राप चढतो: हवेचा, धुराचा, ज्यांनी ते हाताळले त्यांच्या तळहातांचा. हा फरक मला पक्का ठाऊक होता. पुण्यात बावीस वर्षे मी महाविद्यालयात संस्कृत शिकवले आणि शब्दांच्या अशाच कडा मुलींकडून घासूनपुसून घेतल्या. तरीही गेल्या वर्षीच्या जानेवारीत, फेख्त या डच नदीच्या काठावरच्या एका थंड स्वयंपाकघरात, मी राप घासून काढला आणि विचारणाऱ्यांना सांगितले की तो मळ होता.

ही हकिगत आता युट्रेख्टपासून एनस्खेडेपर्यंतच्या मराठी घरांत सांगितली जाते, आणि दर घरी तिला नवी फोडणी बसते. म्हणून एकदा ती नीट ऐका. दिवा असू द्या. मला लपवायचे काही नाही.

माझे यजमान मोरेश्वर युट्रेख्टला संगणकाच्या कामासाठी आले आणि मी त्यांच्याबरोबर अवलंबित म्हणून आले. परवान्यावर तसाच उल्लेख होता. पन्नाशीत संस्कृत शिकवायला इथे कोण ठेवणार? मग मी एक वेगळेच काम धरले. एकटी राहणारी वृद्ध माणसे वारली की त्यांचे घर रिकामे करावे लागते. वस्तूंची यादी करायची, त्या पुसून मांडायच्या, वारसांना दाखवायच्या. कामात शांतता असते आणि नेमकेपणा लागतो. दोन्ही मला मानवतात.

मेफ्राउ, म्हणजे श्रीमती, तेर हॉर्स्ट एक्क्याण्णवाव्या वर्षी गेल्या. मूलबाळ नव्हते. जगभरातून गोळा केलेल्या वस्तूंनी भरलेले घर भाच्याच्या, यास्परच्या, ताब्यात आले आणि त्याने मला बोलावले. पहिल्या आठवड्यात मी तिथली एक तांब्याची किटली चिंचेने घासून लखलखीत केली. यास्पर तिच्यात स्वतःचे तोंड पाहून हसला होता. "हे तुम्ही कशाने करता?" असे त्याने दोनदा विचारले आणि चिंच हा शब्द म्हणून पाहिला. ते कुतूहल मला सुखावून गेले, हे मान्य करते.

पुढच्या गुरुवारी दुपारी त्याने मला माडीवर नेले. खिडकीखाली एक लाकडी पेटी होती. मी अशी पेटी कधी पाहिली नव्हती. चारही बाजू एकाच फळीच्या. फळीला तीन ठिकाणी खाचा पाडून, वाफेने मऊ करून, ती दुमडत आणली होती, आणि चौथ्या कोपऱ्यात दोन्ही टोके मुळांच्या दोऱ्याने शिवली होती. लाकूड शिवलेले होते, कापडासारखे, आणि टाके दिसत नव्हते. वर कोरलेले डोळे होते, एकात एक बसवलेले. झाकण काढताच सुगंध आला. मी मनात देवदार म्हटले. तेही चूक, ते झाड वेगळे, तो समुद्र वेगळा.

आत, त्याच झाडाच्या सालीच्या चटईत गुंडाळलेले, तांब्याचे एक पान होते. माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत भरेल एवढे उंच, वर पसरट, कमरेशी निमुळते. खालच्या भागावर एक उभा आणि एक आडवा कणा ठोकून उठवलेला. उजवीकडचा वरचा कोपरा कोणीतरी सरळ छेद देऊन कापून नेलेला. बाकी सगळे काळे.

"ही ढाल," यास्पर म्हणाला. "रेड इंडियनांची. शनिवारी काही लोक बघायला येणार आहेत. तुमच्या त्या किटलीसारखी करून ठेवा."

"यावर काही काढलेलं दिसतंय."

"जुना धूर आहे तो. मळ."

एवढे बोलताना त्याने हात खिशातून काढले नाहीत. पान पेटीतून मीच उचलले, जिन्यावरून मीच उतरवले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीच ठेवले. तो तीन पायऱ्या मागून येत होता. हे मला फार उशिरा आठवले.

माझी चिंच किटलीवर संपली होती. जवळच राहणाऱ्या मीनलला मी फोन केला. मीनल माझ्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावाने मोकळी, मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांत पुढे. अर्ध्या तासात ती सायकलवरून चिंचेचा गोळा घेऊन आली.

"वीणाताई, सुपरमार्केटात स्प्रे मिळतो हो. दोन मिनिटांत चकाचक."

"तांब्याला चिंचच लागते."

"हो, आणि उद्या यांच्या अंगणात सडा घालाल. मग मलाच बोलवाल रांगोळी काढायला." तिने पान पाहिले आणि नाक मुरडले. "अगंबाई, हे तर आमच्या सासूबाईंच्या बंबासारखं काळं झालंय. काय आहे हे?"

"तो ढाल म्हणतो. मला पटत नाही. हातात धरायला मागे काहीच नाही."

"तुम्हाला काही पटतच नाही, ताई." ती टेबलाभोवती फिरली, मग थांबली. "इथे मासे कोणी तळलेत का?"

"नदी आहे बाहेर."

"नदीला असा वास येत नाही. माशाचं तेल जळतंय कुठेतरी." तिने शालीचे टोक नाकाला लावले. "मी निघते. माझ्या सायकलचा लाईट गेलाय, अंधार व्हायच्या आत घरी पोचायला हवं."

यास्परही तिच्यापाठोपाठ गाडी काढून गेला. घरात मी एकटी उरले. साडेतीन वाजले होते. जानेवारीतला उजेड इथे पाच वाजायच्या आत आटोपतो, आणि जाताना निरोपही घेत नाही.

मी चिंच कोमट पाण्यात कोळली, मीठ घातले, सुती फडके दोन पदरी करून घेतले. खालच्या कण्यापासून सुरुवात केली. काळ्यातून तांबूस उगवू लागले. ते पाहण्यात सुख असते. माझ्या आईने मला शिकवलेले पहिले घरकाम हेच होते, आणि भांडे उजळले नाही तर ती ते न बोलता पुन्हा माझ्यापुढे ठेवी. घासता घासता मी कमरेपर्यंत आले. मग वरचा पसरट भाग.

तिथे काळे सारखे नव्हते. काही ठिकाणी ते दाट होते आणि दाट जागांना कडा होत्या. मी फडके थांबवले आणि दिवा जवळ ओढला. एक कमान. तिच्याखाली एक लांबट आकार, आणि त्या आकाराच्या मधून जाणारी एकच आडवी रेघ. शेजारी तसेच दुसरे. डावीकडची कमान मध्येच तुटलेली होती, जणू काढणाऱ्याचा हात तिथे एकदा उचलला गेला. खाली रुंद, बंद ओठ.

तो चेहरा होता. डोळे मिटलेले होते.

यापुढचे वाक्य लिहिण्यासाठी मला वर्ष लागले. मी त्याच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, तो चेहरा आहे हे मला समजले, आणि मी फडके पुन्हा कोळात बुडवले. का? अर्धे पान लखलखत होते आणि अर्धे काळे होते, म्हणून. काम अर्धवट दिसत होते, म्हणून. आणि सांगणाऱ्याने मळ हा शब्द दिला होता. तो आयता मिळालेला शब्द मी, शब्दांची एवढी सोवळी बाई, तोंडात धरून बसले.

माडीवर आवाज झाला.

टक, टक, टक, टक. चार बोटे करंगळीपासून ओळीने लाकडावर पडावीत तसा. मग थांबला. मग पुन्हा. पेटी वर होती, रिकामी, झाकण बाजूला काढलेले. मी स्वतःला सांगितले की हे उष्णतेचे नळ आहेत, जुन्या घरात वाजतातच. मात्र स्वयंपाकघरातल्या त्या नळावर हात ठेवून पाहिला तेव्हा तो गार होता.

माशाच्या तेलाचा वास आता मलाही येत होता. त्यात ओल्या लाकडाचा धूर होता, आणि खूप माणसे एका छताखाली बसली की येते ती ऊब. घर गारठलेले, खिडकीबाहेर नदी काळी, आणि त्या वासात मात्र ऊब...

मी ओठ पुसले. उजवी भुवई पुसली. अंगठा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि जोर दिला.

अंगठ्याखाली काहीतरी लवले.

झोपलेल्या माणसाच्या पापणीवर बोट ठेवले तर आतले बुबूळ जसे सरकते, तसे. फडक्याच्या दोन पदरांआडून, तांब्याच्या पत्र्यात. मी हात मागे घेतला. वरची टकटक थांबली होती. घर कान देऊन बसल्यासारखे होते.

मी डावा डोळाही पुसला. घाईने पुसला. अंगठा न लावता.

पाच वाजता पान सोन्यासारखे झळकत होते आणि त्यावर काहीही नव्हते. ते चटईत गुंडाळून मी वर नेले, पेटीत ठेवले, पेटीकडे न पाहता झाकण लावले. उरलेला कोळ टाकवेना. डब्यात भरून, त्याच फडक्यासकट, घरी आणला, आणि त्या रात्री जेवणानंतर आमचा पाण्याचा तांब्याचा गडू त्यानेच घासून ठेवला. काटकसर ही आमच्या पिढीची खोड आहे.

सकाळी गडूच्या पोटावर एक काळी कमान उमटली होती. मोरेश्वर म्हणाले, "नीट धुतला नाहीस." मी धुतला. शनिवारी सकाळी कमानी दोन होत्या. डावी मध्येच तुटलेली होती. त्यांच्याखाली दोन लांबट आकार, आणि प्रत्येकातून एकेक आडवी रेघ.

मी गडूवर झाकण ठेवले आणि कामाला गेले.

उतरत्या दुपारी यास्परच्या दिवाणखान्यात दोन स्त्रिया येऊन बसल्या. एक नोटरी, मृत्युपत्रांची अंमलबजावणी या देशात तेच करतात. दुसरी सत्तरीची, ठेंगणी, पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातलेली. तिचे नाव लोरेटा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान बेटावरून दोन विमाने बदलून ती आली होती. तिच्या लोकांचे नाव तिने मला उच्चारून दाखवले आणि माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले: क्वाक्वाक्यवाक्व. क्वाक्वाला भाषा बोलणारे ते क्वाक्वाक्यवाक्व. भाषेवरून स्वतःला ओळखणारी माणसे. मला ते फार भावले.

नोटरीने मृत्युपत्रातला मजकूर वाचला, आणि तेव्हा मला सगळे कळले. मेफ्राउ तेर हॉर्स्ट यांनी लिहून ठेवले होते की पेटी आणि तांबे ज्या घराण्याचे आहे त्या घराण्याने ओळख पटवली तर दोन्ही त्यांना परत करावे; पटली नाही तर भाच्याने ठेवावे. ओळखीसाठी लोरेटाच्या आजोबांनी काढलेले त्या पानाचे चित्र नोटरीच्या फायलीत, बंद पाकिटात होते. लोरेटाने डिसेंबरातच यास्परला पत्र लिहून कळवले होते की खूण कोपऱ्याची धरू नका, कोपरे अशा पुष्कळ तांब्यांचे कापलेले असतात. खूण चेहऱ्याची आहे.

डिसेंबरात. आणि मला त्याने जानेवारीत सांगितले, किटलीसारखी करून ठेवा.

पेटी टेबलावर आणली गेली. लोरेटाने तिच्या शिवलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि काहीतरी पुटपुटली. मग चटई उलगडली. तांबे झळकले. छतावर त्याचा लाल कवडसा पडला.

लोरेटाचे हात मांडीवर गेले आणि तिथेच राहिले.

"चेहरा दिसत नाही," नोटरी म्हणाली.

"कधी नव्हताच," यास्पर म्हणाला. "नुसता मळ होता. यांनीच साफ केलंय, यांना विचारा."

नोटरी माझ्याकडे वळली. सभ्य बाई होती. तिने प्रश्न हळू विचारला. "तुम्ही स्वच्छ करण्याआधी यावर काही चित्र होतं का?"

मला होय म्हणता आले असते. पण होय म्हणजे पुढचा प्रश्न: मग पुसलेत का? मी आयुष्यात केलेले एकही काम इतके वाईट नव्हते, आणि ते सांगण्यापेक्षा मी खोटे बोलणे पसंत केले.

"मळ होता," मी म्हणाले.

पेटीतून एकच टक आला. यास्परने उष्णतेच्या नळाकडे पाहिले. नोटरीने पाकीट न उघडता फायलीत परत ठेवले. लोरेटाने मात्र माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

बसथांब्यावर आम्ही दोघीच होतो. बारीक पाऊस होता आणि बस वीस मिनिटांनी होती. माझे घर तिथून दोन थांब्यांवर. मी तिला चहाला चला म्हटले. का म्हटले ते माहीत नाही. अपराधी माणूसही पाहुण्याला पावसात उभे ठेवत नाही, एवढाच संस्कार शिल्लक असावा.

घरी आल्यावर आमच्या रीतीने मी आधी पाणी आणले. हात सवयीने गडूकडेच गेला. झाकण काढले, पेला भरला, गडू टेबलावर ठेवला, आणि मग मला समजले की मी काय ठेवले.

लोरेटाने पेला उचलला नाही. ती गडूकडे पाहत राहिली. बाहेर अंधार झाला होता आणि मी अजून दिवा लावला नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारले.

"शुक्रवारपासून."

"डोळे मिटलेलेच आहेत ना?" ती पुढे झुकली. स्वतःच पाहिले. "हो... आहेत."

मग तिने मला सांगितले. आवाज चढवला नाही. अशा तांब्याला स्वतःचे नाव असते, ती म्हणाली. ते मोठ्या मेळाव्यात बाहेर आणतात, त्याची सगळी हकिगत बोलून दाखवतात. यजमान देत जातो आणि पाहुणे घेत जातात, आणि जो घेतो तो साक्षी होतो. जे पाहिले ते विचारल्यावर सांगणे त्याच्यावर येते. कॅनडाच्या सरकारने हे मेळावे कायद्याने बंद केले. साठाहून अधिक वर्षे ते बंद होते. माणसे पकडली, आणि आपले लोक तुरुंगात जाऊ नयेत म्हणून कित्येकांनी मुखवटे, पेट्या, तांबी सरकारच्या हवाली केली. तिचे आजोबा त्यांतलेच. देण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या तांब्यावरचा चेहरा पुन्हा रंगवला आणि डोळे मिटलेले काढले.

"का?"

"कुठे नेतात ते त्याला दिसू नये म्हणून. घरी आलं की आम्हीच उघडू, असं ते म्हणाले." तिने गडूवर बोट धरले, लावले नाही. "डावी भुवई काढताना दारावर थाप पडली. आजोबा नेहमी सांगत. हात उचलला गेला."

तांब्याचे नावही तिने सांगितले. ते मी लिहिणार नाही. ते माझे नाही.

मग तिने पिशवीतून एक करंडी काढली. मुठीएवढी, सालीच्या पट्ट्यांची, इतकी घट्ट विणलेली की पाणी ठरेल. विमानात विणली, म्हणाली. हात रिकामे राहिले तर भीती वाटते. ती करंडी तिने माझ्यापुढे धरली आणि थांबली. आग्रह केला नाही.

संक्रांतीला वाण पुढे आले तर आपण नाही म्हणत नाही. घेतो, डोक्याला लावतो. पण ते घेण्यात काही पत्करतो आहोत असे आपल्याला कधी वाटत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत मला ते प्रथम वाटले. करंडी घेतली तर मला बोलावे लागणार होते, आणि बोलायचे तर आधी हे बोलावे लागणार होते की मी पाहिले.

मी करंडी घेतली.

"चेहरा होता," मी म्हणाले. "मी पाहिला. पाहून पुसला."

तिने मान हलवली, जशी एखाद्याने वेळ विचारल्यावर हलवावी, आणि पाणी प्यायली.

सोमवारी मी नोटरीला लेखी निवेदन दिले. शनिवारी मी खोटे बोलले हे पहिल्याच ओळीत लिहिले. तिने विचारले, चेहरा काढून दाखवाल का? तिच्याजवळचे पाकीट अजून बंद होते. ते माझ्या कागदानंतर उघडायचे ठरले. मला साधे आंब्याचे पान काढता येत नाही. मी घरी येऊन गडू समोर ठेवला आणि रेघेला रेघ जुळवून तीन तासांत तो चेहरा कागदावर उतरवला. नोटरीने दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, आणि तुटकी डावी भुवईसुद्धा तंतोतंत जुळली. चित्राखाली मी लिहिले होते: "स्मरणातून काढले." त्या निवेदनात तेवढे एकच वाक्य खोटे आहे.

यास्परचा फोन आला. "घासणारी बाई आता तज्ज्ञ झाली का?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणाले. "घासणारीच आहे. म्हणूनच मला माहीत आहे काय घासलं ते."

त्याच्या ओळखीच्या कोणत्याही घरी मला पुन्हा काम मिळाले नाही. ऑक्टोबरात पेटी आणि तांबे आपल्या बेटावर पोचले.

आणि आता, ज्यासाठी हे सगळे लिहिले. यंदाच्या संक्रांतीला मीनलकडे हळदीकुंकू होते. तिळगूळ वाटून झाल्यावर तिने बायकांना गोळा केले आणि ही गोष्ट सांगितली. शापित ढाल. रेड इंडियनांचे भूत. रात्री बारा वाजता पेटीतून निघालेला हात. घाबरून ढाल परत करणारा डच माणूस. बेस्ट गावाहून आलेली प्रांजली पदर तोंडावर धरून ऐकत होती.

"ताई, भूत खरंच दिसलं का हो?" तिने मला विचारले.

"सांगू दे ना तिला, ताई. रंगलंय," मीनल म्हणाली. "आणि तुम्हाला चांगलंच दाखवलंय मी. बिचाऱ्या वीणाताई, त्यांना काय माहीत, त्या आपल्या भोळेपणी भांडं घासत होत्या."

मी ताट खाली ठेवले. तिथे बोलले नाही, इथे बोलते.

ती ढाल नव्हती. तिने कोणाचे वार झेलले नाहीत, ते एका घराण्याचे नाव होते. ते शापित नव्हते; शाप देण्याजोगे त्याच्याशी वागले गेले, हे वेगळे. भूत म्हणायचे तर ज्याने हात खिशात ठेवून दुसऱ्याच्या हातून काम उरकले त्याला म्हणा, आणि त्याने घाबरून काहीही परत केलेले नाही. अशी माणसे घाबरत नाहीत. बारा वाजले नव्हते. दुपारचे चार वाजले होते आणि मी पूर्ण शुद्धीत होते. सर्वांत मोठी चूक तर मीनलने प्रेमाने केली आहे. तिच्या गोष्टीत मी अजाण आहे. अजाण माणसाची साक्ष कोणी घेत नाही. त्या तांब्याला घरी नेणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मला माहीत होते. आणि ती गोष्टच तुम्ही माझी लाज राखण्यासाठी पुसून टाकता. मळ समजून.

आणखी एक. गोष्टीच्या शेवटी मीनल सांगते की तांबे बेटावर पोचले त्याच दिवशी माझ्या गडूवरचा चेहरा नाहीसा झाला. तो नाहीसा झालेला नाही. मी गडू घासत नाही, मोरेश्वरांना घासू देत नाही, आणि पाणी दुसऱ्या भांड्यातून पितो. लोरेटाचे पत्र गेल्या आठवड्यात आले. त्यांच्या तांब्यावर चेहरा अजून रंगवलेला नाही. येत्या सप्टेंबरात मेळावा आहे, सगळे साक्षी जमतील, आणि मग डोळे उघडे काढायचे आहेत. तोवर कोणी उघडायचे नाहीत, असे तिने दोनदा लिहिले आहे.

पत्र वाचून मी गडूकडे पाहिले. उजवा डोळा, ज्यावर मी अंगठा दाबला होता तो, अर्धा उघडला आहे.